आपल्याच पैशाचं भाडं

(अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतील बचत गटांच्या कार्यकर्त्यांच्या मेळाव्यात केलेलं भाषण)



कर्जाबद्दल आपण नेहमीच बोलतो. सावकार, मायक्रोफायनान्सचे आठवड्याचे हप्ते, गहाण पडलेलं डोरलं. आज मला उलट बाजूनं बोलायचं आहे. जिच्या अंगावर बँकेचा एक रुपया नाही, उलट जिचे चार पैसे बँकेत जमा आहेत, तिच्याकडूनही बँक पैसे घेते. कशी, ते बघू.

आपली ठेव बँकेच्या ताळेबंदात ‘देणी’ या बाजूला लिहिलेली असते. म्हणजे बँक आपली देणेकरी. आपल्या भिशीत कधी असं ऐकलंय का, की तुझे पैसे कमी जमले म्हणून त्यातलेच पन्नास आम्ही ठेवून घेतो? बँकेत मात्र याला ‘किमान शिल्लक न ठेवल्याचा आकार’ असं भारदस्त नाव आहे.

अकोल्याकडच्या एका बाईनं पासबुक माझ्यापुढं धरलं. लाडकी बहीणचे पहिले तीन हजार ऑगस्ट २०२४ मध्ये जमा झाले आणि लगेच त्यातले निम्म्याहून जास्त वळते झाले. ती म्हणाली, “ताई, म्या त कर्ज काढलंच नाई, मंग पैसे काऊन कापले?” खातं काही वर्षांपूर्वी उघडलेलं, साधं बचत खातं. निंदण-वेचणीची रोजी हातात मिळते, ती घरातच संपते. खात्यात काही उरत नाही. दर तिमाहीचा दंड साचत गेला. पहिले पैसे आले तसा बँकेनं आधी आपला वाटा उचलला. सूचनेचा मेसेज गेला होता म्हणे. गेला असेल, पण नोंदवलेला मोबाइल मुलाचा, आणि मुलगा पुण्याला.

हे तिच्या एकटीचं नव्हतं. राज्यभरातून ओरड झाली, तेव्हा महिला व बालविकास मंत्री आदिती तटकरे यांना सांगावं लागलं की, बँकांनी ही रक्कम कापू नये. सांगितलं ते बरं केलं. पण एका योजनेपुरतं सांगून भागत नाही. वेचणीचा चुकारा किंवा पोरीची शिष्यवृत्ती आली तर?

रक्कम केवढी, तेही ऐका. स्टेट बँकेनं एप्रिल २०१७ मध्ये हा दंड पुन्हा सुरू केला आणि नोव्हेंबरपर्यंतच्या आठ महिन्यांत १,७७१ कोटी रुपये गोळा केले. त्याच वर्षी जुलै ते सप्टेंबर या तिमाहीतल्या तिच्या नफ्यापेक्षा हा आकडा मोठा. टीका झाली, दंड कमी झाला, आणि मार्च २०२० मध्ये तिनं तो काढून टाकला. इतर सरकारी बँकांचं चालूच राहिलं. २०१९-२० पासूनच्या पाच वर्षांत सरकारी बँकांनी मिळून सुमारे साडेआठ हजार कोटी वसूल केले, हे सरकारनंच संसदेत सांगितलं. २०२५ मध्ये कॅनरा, पंजाब नॅशनल, बँक ऑफ बडोदा अशा काही बँकांनी तो सोडला. म्हणजे तो सोडूनही बँक चालते. खाजगी बँकांतून मात्र अजून घेतला जातो.

हा पैसा कोणाचा? ज्याच्या खात्यात लाख पडून आहे, त्याला हा दंड कधीच लागत नाही. ज्याच्याकडे नाही त्यानंच भरायचा. आणि घरात सगळ्यांत रिकामं खातं बहुतेक वेळा बाईचं असतं.

शून्य शिल्लकेच्या खात्यांनाही सोडलेलं नाही. महिन्याला चार वेळा पैसे काढणं फुकट, त्यापुढं दर वेळी १५ रुपये आणि वर १८ टक्के जीएसटी, मिळून १७ रुपये ७० पैसे. स्टेट बँक असे पैसे घेत होती. मुंबईच्या आयआयटीतले प्राध्यापक आशिष दास यांनी २०२१ मध्ये हिशोब मांडला: २०१५ ते २०२० या काळात सुमारे बारा कोटी गरीब खात्यांतून तीनशे कोटींवर. दोनशे-दोनशे रुपये काढणाऱ्या बाईचे चार वेळा किती लवकर संपतात, हे तुम्हाला सांगायला नको.

आता नियम. रिझर्व्ह बँकेच्या नोव्हेंबर २०१४ च्या परिपत्रकाप्रमाणे शिल्लक कमी पडली तर बँकेनं आधी कळवायचं, महिनाभर मुदत द्यायची, आणि दंड जेवढी तूट तेवढ्या प्रमाणातच लावायचा. दंडामुळं खातं उणे होता कामा नये. बँकांनी यातून वाट काढली: खातं शून्यावर थांबवायचं आणि बाकी लिहून ठेवायची. माझ्या मते हा नियमाचा सरळ घात आहे. बंद पडलेल्या खात्यावर तर असा दंड लावताच येत नाही.

मूलभूत बचत ठेव खातं २०१२ पासून प्रत्येक बँकेनं द्यायचं आहे. त्याला किमान शिल्लक नाही, एटीएम कार्डाला पैसे नाहीत. असलेलं साधं खातंही लेखी अर्ज करून तसं बदलून घेता येतं. फक्त त्याच बँकेत दुसरं बचत खातं ठेवता येत नाही. हे काउंटरवर आपणहून कोणी सांगत नाही, विचारावं लागतं. कापलेले पैसे परत मागायचे तर आधी शाखेत लेखी तक्रार. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जायचं. त्याला फी नाही, वकील लागत नाही. १४४४८ वर फोन केला तर माहिती मिळते.

जेवणानंतर दोन गटांत बसू. अमरावतीच्या मैत्रिणी खिडकीकडं, अकोल्याच्या इकडं. पासबुकात ‘चार्जेस’ लिहिलेल्या प्रत्येक ओळीखाली पेन्सिलीनं रेघ मारा, तारीख आणि रक्कम वहीत घ्या. मोबाइल नंबर कोणाचा नोंदवलाय तेही लिहा, आणि आपला नसेल तर बदलायचा अर्ज आजच भरा. अर्जाचे नमुने टेबलावर आहेत. दोन प्रती करायच्या, एकीवर बँकेचा शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय काउंटरवरून हलायचं नाही.