रुग्णाला न्यावयाचें कोठें?

छातींत कळ येऊं लागली कीं आपल्याकडील घरांत प्रथम पित्ताचा संशय घेतला जातो. सोडा आणविला जातो, ओवा चावावयास दिला जातो, कोणी पाठ चोळून देतें, आणि 'सकाळीं डॉक्टरांना दाखवूं' असें ठरून दिवा मालविला जातो. मधुमेही माणसाला व पुष्कळदां स्त्रियांना तर कळहि येत नाहीं. नुसता घाम, धाप किंवा जबड्यांत दुखणें एवढेंच होतें.

या वेळांत आंत काय चाललेलें असतें? हृदयाच्या स्नायूला रक्त पुरविणाऱ्या धमनींत सांचलेला मेदाचा थर फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि वाट बंद होते. पलीकडचा स्नायू मरूं लागतो, व एकदां मेलेला स्नायू पुन्हा उगवत नाहीं. दुसरें भय याहून तडकाफडकीचें आहे. हृदयाची लय बिघडून तें नुसतें थरथरूं लागतें, आणि मग छातीवर दाब देणें व विजेचा धक्का यांवांचून उपाय उरत नाहीं.

नट श्रेयस तळपदे यांचें उदाहरण सांताक्रूझकरांच्या शेजारचेंच आहे. १४ डिसेंबर २०२३ रोजीं चित्रीकरण चालू असतां त्यांना धाप लागली व डावा हात दुखूं लागला. साहसदृश्यें करतांना स्नायू दुखावला असावा, असें त्यांस वाटलें. ते घरीं परतले. पत्नीनें मात्र वेळ न दवडतां त्यांना मोटारींतून अंधेरीच्या रुग्णालयाकडे नेलें. दाराशीं पोहोंचतां पोहोंचतांच त्यांचें हृदय बंद पडलें. डॉक्टरांनीं छाती दाबून व विजेचे धक्के देऊन तें चालू केलें आणि त्याच रात्रीं धमनी मोकळी केली. वय अवघें सत्तेचाळीस! हाच प्रसंग दहा मिनिटें आधीं, वाहनांच्या गर्दींत गांठता तर?

याच प्रश्नानें बेलफास्टचे डॉक्टर फ्रँक पँट्रिज यांना घेरलें होतें. बहुतेक मृत्यू रुग्णालयाबाहेर व पहिल्याच तासांत होतात, हें पाहून त्यांनीं १९६६ सालीं डॉक्टर व धक्क्याचें यंत्रच गाडींत बसवून रुग्णाच्या दाराशीं पाठविलें. महाराष्ट्रांत २०१४ पासून चाललेली १०८ क्रमांकाची विनामूल्य सेवा याच विचाराची. गाडी शेजाऱ्याची असो वा भाड्याची, तींत धक्क्याचें यंत्र नसतें. ही गोष्ट घाईंत कोणाच्या ध्यानीं येत नाहीं. मात्र रुग्णवाहिकेला फार विलंब लागणार असें कळलें तर हातीं असलेलें वाहन घ्यावें. रुग्णाला जिना उतरूं देऊं नये, खुर्चींत बसवून उतरवावा. अॅस्पिरिनचें वावडें किंवा रक्तस्राव नसेल तर तीनशें मिलिग्रॅमची गोळी, फोनवर डॉक्टरांस विचारून, चावावयास द्यावी.

आतां मुख्य प्रश्न. सांताक्रूझ पूर्वेस महापालिकेचें देसाई रुग्णालय आहे; पश्चिमेस पार्ल्याकडे कूपर व नानावटी; परळचें केईएम तर दूर. कोणतें गांठावें? नांव मोठें म्हणून दूरचें गांठणें ही चूक आहे, आणि जवळचें म्हणून वाटेल त्या प्रसूतिगृहांत शिरणें हीहि चूकच. जेथें तार घालून धमनी मोकळी करण्याची सोय रात्रींहि जागी असते, तेथें लवकर पोहोंचतां येत असेल तर तेंच ठिकाण योग्य. ही चौकशी निरोगी दिवसांतच करून ठेवावयाची असते. अशा ठिकाणीं उपचार होण्यास १२० मिनिटांहून अधिक लागतील असें दिसलें, तर पहिल्याच रुग्णालयांत गुठळी विरघळविणारें औषध, शक्यतों अर्ध्या तासांत, शिरेंतून द्यावें व मग रुग्ण हलवावा, हा सर्वमान्य संकेत आहे. पूर्वीं मेंदूंत रक्तस्राव झालेल्यांना व नुकतीच मोठी शस्त्रक्रिया झालेल्यांना मात्र तें चालत नाहीं.

नातेवाईक येथेंच चुकतात. हृदयाचा आलेख निघालेला असतो, डॉक्टर सुई भरीत असतात, तोंच एखादे वडीलधारे म्हणतात, "येथें कांहीं करूं नका, आम्ही मोठ्या इस्पितळांत नेतों." औषध राहतें, गाडी शोधण्यांत तास जातो, आणि नव्या जागीं खाट नाहीं असें कळतें.

सांताक्रूझचें अंतर मैलांत मोजून भागत नाहीं. रेल्वेनें गांवाचे दोन भाग केलेले. मिलन सबवे पावसांत बुडावयाचा, म्हणून २०१३ सालीं वरून पूल झाला. २६ जुलै २००५ रोजीं येथील वेधशाळेनें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला. त्या रात्रीं पूर्वेचा रुग्ण पश्चिमेस नेणें म्हणजे समुद्र ओलांडणेंच होतें. अशा वेळीं जवळच्या रुग्णालयांतील ती एक सुईच आधार.

अनामत रकमेचीहि धास्ती असते. तातडीच्या प्रसंगीं प्राणरक्षणाचे उपचार करणें सरकारी व खासगी प्रत्येक डॉक्टराचें कर्तव्य आहे, असें सर्वोच्च न्यायालयानें परमानंद कटारा यांच्या खटल्यांत १९८९ सालींच सांगितलें. हुज्जत घालण्यापेक्षां तें शांतपणें सांगावें.

हलवावयाचें ठरलेंच तर पुढील रुग्णालयाला आधीं फोन करून आलेखाचें छायाचित्र पाठवावें, म्हणजे तेथील मंडळी तयारींत राहतात. कोणतें औषध किती वाजतां दिलें हें कागदावर लिहून घ्यावें. आणि तो कागद नातेवाइकाच्या खिशांत न ठेवतां रुग्णाबरोबरच्या डॉक्टरांच्या हातीं द्यावा.