मानापमान आणि मतदान



भारतीय युद्धाची कारणे सांगताना पंडित राज्याच्या वाटणीपासून आरंभ करतात. सामान्य माणसाला मात्र आधी मयसभा आठवते. दुर्योधन जमीन समजून पाण्यात पडला आणि भोवतालची माणसे हसली. राज्याचा तंटा वडीलधाऱ्यांपुढे मांडता येतो. हसण्याचा तंटा कोणापुढे मांडावयाचा? तो मनातच राहतो आणि वाढत जातो.

आपल्या गोमंतकाच्या राजकारणात या मयसभेला फार मोठे स्थान आहे. याचे पहिले कारण मतदारसंघांचा आकार. महाराष्ट्रात विधानसभेचा एक मतदारसंघ तीन लाखांच्या घरातला असतो. गोव्यात चाळीस मतदारसंघ आहेत आणि एकेकात सरासरी तीस हजारांच्या आतबाहेर मतदार. तिकडे मतदार उमेदवाराला सभेत पाहतो. पेडण्यात किंवा डिचोलीत तो त्याला बाजारात, काल्याच्या रात्री आणि मयताच्या घरी पाहतो. एका वाड्याने पाठ फिरवली की निकाल फिरतो. २०२२ साली साखळीत खुद्द मुख्यमंत्री प्रमोद सावंत ६६६ मतांनी निवडून आले. शेजारच्या डिचोलीत तर विजयाचे अंतर याहूनही कमी होते.

दुसरे कारण आपल्या गावगाड्यात आहे. देवळात पहिला नारळ कोणाचा, पालखीला खांदा कोणी द्यावयाचा, प्रसादाचा मान कोणत्या घराला, हे सारे क्रमवार ठरलेले असते. त्या क्रमात चूक झाली तर उत्सव बंद पडतो, प्रकरण कचेरीपर्यंत जाते. ज्या समाजात मान ही अशी मोजून घेण्याची वस्तू आहे, त्या समाजातील पुढारी उमेदवारीकडेही मानाचा नारळ म्हणूनच पाहणार. ती नाकारली गेली की त्याला राजकीय निर्णय दिसत नाही. चार माणसांत झालेला अपमान दिसतो.

पेडणे तालुक्याचेच उदाहरण घेऊ. २०१२ साली भारतीय जनता पक्ष आणि महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष एकत्र लढले. मांद्रे आणि पेडणे हे तालुक्यातील दोन्ही मतदारसंघ भाजपकडे आले. पुढे २०१४ साली मांद्र्याचे लक्ष्मीकांत पार्सेकर मुख्यमंत्री झाले. डिसेंबर २०१६ मध्ये त्यांनी मगो पक्षाच्या सुदिन आणि दीपक ढवळीकर या दोघा बंधूंना मंत्रिमंडळातून वगळले आणि युती संपली. या दुराव्याला शिक्षणाच्या माध्यमाच्या प्रश्नाचीही बाजू होती, हे विसरता कामा नये. पण मंत्रिपद जाणे ही एक गोष्ट आणि निवडणूक दाराशी आलेली असताना वगळले जाणे ही दुसरी. दोनतीन महिन्यांतच निकाल लागले. मांद्र्यात मुख्यमंत्री सात हजारांहून अधिक मतांनी पराभूत झाले. पेडण्याची जागा मगोच्या मनोहर आजगावकरांनी जिंकली. दोन्ही जागा गेल्या.

कथा येथे संपत नाही. मांद्र्यात पार्सेकरांचा पराभव केला तो काँग्रेसच्या दयानंद सोपटे यांनी. तेच सोपटे २०१८ साली भाजपमध्ये आले आणि २०१९ च्या पोटनिवडणुकीत पक्षाचे उमेदवार झाले. आपल्याला ज्याने हरविले त्यालाच आपल्या अंगणात पाटावर बसविलेले पाहणे, हा प्रसंग कोणत्या मनाला सोसेल? २०२२ साली उमेदवारी पुन्हा सोपट्यांनाच मिळाली. माजी मुख्यमंत्री अपक्ष म्हणून उभे राहिले. मगोचे जीत आरोलकर ७१५ मतांनी निवडून आले, सोपटे दुसरे राहिले आणि पार्सेकरांना पडलेली मते या अंतराच्या कितीतरी पट होती.

यावरून कोणी म्हणेल की, निवडणुका रुसव्याफुगव्यांवरच ठरतात. तसे म्हणणे मी उतावळेपणाचे समजतो. १९६७ चा जनमत कौल कोणाच्या रुसव्याने ठरला नाही. तेथे समोरासमोर दोन विचार होते आणि ३४,०२१ मतांचे अंतर होते. जेथे मोठा प्रश्न लोकांपुढे उभा असतो, तेथे रुसवा वाहून जातो. जेथे प्रश्न उरत नाही, पक्षापक्षांतील भेद पुसट होतो, तेथेच तो निर्णायक ठरतो. अपमानाची ठिणगी सगळीकडेच पडते. पेट घेते ती वाळलेल्या गवतात.

आणि या साऱ्याचे फळ काय? २०१७ मध्ये दुखावलेल्या मगोने निकालानंतर, मनोहर पर्रीकर मुख्यमंत्री होणार असतील तर, त्याच भाजपला पाठिंबा दिला. २०२२ मध्ये मांद्रे जिंकणारा मगो आणि डिचोली जिंकणारे अपक्ष चंद्रकांत शेट्ये हेही सरकारच्याच बाजूला जाऊन उभे राहिले. म्हणजे रुसव्याने माणूस बदलला, सत्ता बदलली नाही. पुढाऱ्यांचा समेट झाला. ज्या मतदाराने त्यांच्यासाठी शेजाऱ्याशी बोलणे टाकले, त्याचा समेट कोणी करावयाचा?

याच काळात पेडण्यात मोपाच्या पठारावर विमानतळ उभा राहिला. जमीन कोणाची गेली, नोकरी कोणाला मिळाली, हे तालुक्याचे जीवनमरणाचे प्रश्न होते. डिचोलीत मार्च २०१८ मध्ये खाणी थांबल्या, ट्रक दारात उभे राहिले आणि बँकेचे हप्ते चालूच राहिले. या प्रश्नांवर उमेदवारांना उभे करून जाब विचारण्याचे दिवस कोणाचा मान कोठे दुखावला याच्या चर्चेत गेले असतील, तर खरा अपमान कोणाचा झाला?

पुढाऱ्यांनी मानापमान सोडावेत, असा उपदेश मी करणार नाही. तो साधूंनाही जमलेला नाही. मतदाराने मात्र एवढे करावे: दुसऱ्याचा अपमान उसना घेऊ नये. मत देण्यास निघताना स्वतःच्या घरातील कोणते दुःख आपण बरोबर नेत आहोत, हे उंबरठ्यावर क्षणभर थांबून पाहावे. ते आपले असेल, तर त्या मताचा मान कोणालाही हिरावून घेता येणार नाही.