लामाची अँटिबॉडी, व्हायरसची टेस्ट
२०२१ मध्ये माझी रॅपिड टेस्ट निगेटिव्ह आली, म्हणून मी बिनधास्त आईशेजारी बसून जेवलो. दोन दिवसांनी आरटीपीसीआर पॉझिटिव्ह! तेव्हा प्रश्न पडला, त्या पट्टीवर व्हायरसला पकडतं कोण?

पकडतात अँटिबॉडी. नेहमीची अँटिबॉडी चार साखळ्यांची. उंट-लामांच्या रक्तात दोन साखळ्यांच्याही असतात, हे ब्रसेल्सच्या संशोधकांनी १९९३ मध्ये जाहीर केलं. तिचं नुसतं टोक घेतलं की झाली नॅनोबॉडी, आकाराने साधारण दहावा हिस्सा. ती बॅक्टेरियात बनवता येते. मला कोडवाल्याला आवडलं ते हे, की ही सव्वाशेच्या आसपास अमिनो ॲसिडची एक ओळ आहे. टेक्स्ट फाइलच की! मेल करा, दुसऱ्या लॅबमध्ये तीच बनेल. सशाच्या रक्तातून काढलेल्या अँटिबॉडीचं तसं नाही, ससा बदलला की माल बदलला.

लॅबच्या टेस्टमध्ये सहसा दोन लागतात. एक प्लेटवर बसून व्हायरसचं प्रोटीन धरते, दुसरी त्यालाच वेगळ्या जागी धरून रंग किंवा प्रकाश देते. दोघी एकाच जागेसाठी भांडल्या तर जोडी बाद. म्हणून ढीगभर जोड्या लावून बघतात.

अर्थात नाकातल्या नमुन्यात व्हायरसच नावापुरता असेल, तर नॅनोबॉडी तरी काय पकडणार? आईला काही झालं नाही, नशीब. ती अजून ऐकवते मात्र.