पदवीची न लिहिलेली अट



माझी शाळा सातवीत सुटली. पुढचे वाचन युनियनच्या कचेरीत, दिवेलागणीनंतरचे. असा माणूस खगोलशास्त्रातील पीएच.डी.वर काय बोलणार, असे आपल्याला वाटेल. पण कराराची कलमे वाचण्यात माझी तीस वर्षे गेली आहेत, आणि पदवी हाही एक करारच असतो.

लेखी कलमे आपल्या पुण्यातच पाहायला मिळतात. आयुका किंवा एनसीआरए येथे बहुधा भौतिकशास्त्राची एम.एस्सी., प्रवेशपरीक्षा, मुलाखत, मग वर्षभर वर्गातला अभ्यास, पुढे काही वर्षे संशोधन, प्रबंध आणि तोंडी परीक्षा. मला बोलायचे आहे ते न लिहिलेल्या कलमाबद्दल.

सिसिलिया पेन या इंग्रज बाई केंब्रिजला शिकल्या. तेथे १९४८ पर्यंत स्त्रियांना पूर्ण पदवी देत नसत. म्हणून १९२३ साली त्या विद्यावृत्ती घेऊन अमेरिकेत हार्वर्ड वेधशाळेत गेल्या. ताऱ्यांचा प्रकाश लोलकातून फाकून काचेच्या पट्ट्यांवर उतरवलेला होता आणि त्यात काळ्या रेषा होत्या. रेषा ठळक म्हणजे ते द्रव्य पुष्कळ, असा समज होता. रेषेचा ठळकपणा तापमानावरही अवलंबून असतो, हे ज्या गणिताने उलगडले ते १९२० साली आपल्या मेघनाद साहांनी मांडले होते. साहा एका लहान दुकानदाराचे चिरंजीव. हे सांगायला मला आवडते. ते गणित लावून पेनबाईंनी हिशेब केला, तो ताऱ्यांत हायड्रोजन धातूंच्या सुमारे दहा लाख पट निघाला.

सूर्य पृथ्वीसारख्याच द्रव्यांचा बनला आहे, असे तेव्हा मोठमोठे शास्त्रज्ञ मानीत. प्रिन्स्टनचे हेन्री नॉरिस रसेल यांनी कळवले की हे अशक्य आहे. रसेल यांचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. बाईंनी आकडा खोडला नाही. पण तो जवळजवळ निश्चितपणे खरा नसावा, असे प्रबंधात स्वतःच लिहून दिले. १९२५ साली पदवी मिळाली, तीही रॅडक्लिफ कॉलेजची. हार्वर्ड स्त्रियांना देत नव्हते. १९२९ साली रसेल दुसऱ्या वाटेने त्याच उत्तरावर आले, आणि त्यांनी बाईंच्या कामाचा उल्लेखही केला.

त्यांनी अडून बसायला हवे होते, असे म्हणणारे भेटतात. मला म्हणवत नाही. एकदा संप मोडल्यावर 'माझी चूक झाली' असे लिहून दिल्याशिवाय कामावर घेईनात, तेव्हा एका फिटरला सही कर म्हणून मीच सांगितले. घरी तीन लहान मुले होती. त्याने सही केली, आणि पुढे वर्षभर तो माझ्याशी बोलला नाही.

पेनबाईंचे पुढे काय झाले? पदवी हाती आली, पण पगार मिळे तो वेधशाळेच्या साधनसामग्रीच्या खर्चातून. त्या शिकवीत ते वर्ग १९४५ पर्यंत विद्यापीठाच्या छापील यादीत नव्हते. प्राध्यापकपद मिळाले १९५६ साली, प्रबंधानंतर ३१ वर्षांनी.