हंगामापूर्वीचे दीड महिने
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



 माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. मोठ्या विषयाला हात घालण्याचा माझा अधिकार नाही. परंतु दोन मुलांचे चिखलाने भरलेले फुटबॉलचे बूट गेली आठ वर्षे मी धूत आले आहे, म्हणून त्याच विषयावर बोलते.

आपल्या कोल्हापुरात फुटबॉलचे वेड कोणाला सांगायला नको. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल या तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर उतरले की पेठेतल्या बायकांनाही निकाल कळल्याशिवाय चैन पडत नाही. २०१७ साली सतरा वर्षांखालील जागतिक स्पर्धेत आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताकडून खेळला. तेव्हापासून तर घरोघरची मुले, आणि आता मुलीही, मैदानाकडे धाव घेतात. ही आनंदाचीच गोष्ट आहे.

पण दिवाळीनंतरचे सामने जवळ आले की घाई सुरू होते. पावसाळाभर घरात बसलेल्या मुलाला पहिल्याच दिवशी मैदानाच्या वीस फेऱ्या मारायला लावतात आणि आठवडाभरात ते लंगडत घरी येते. भगिनींनो, आपण तर तालमींच्या गावच्या. नव्या पोराला कोणी वस्ताद पहिल्या दिवशी पाचशे जोर काढायला लावतो का? आज पंचवीस, आठ दिवसांनी तीस, असे अंग तयार होते. कुस्तीला जो न्याय, तोच फुटबॉलला.

म्हणून सामन्यांच्या आधी दीड महिना तयारी सुरू व्हावी. पहिले दोन आठवडे एक दिवसाआड पाऊण तास पुरे. पुढचे दोन आठवडे चार दिवस, एकेक तास. सराव-सामने शेवटच्या दोन आठवड्यांत, तेही आधी अर्ध्या वेळेचे. वेळ वाढवली तर त्याच आठवड्यात जोर वाढवू नये. आठवड्यात एक दिवस पूर्ण विश्रांती हवीच. डॉक्टरांचा एक सोपा हिशेब लक्षात ठेवा : मुलाचे वय जितके, त्याहून अधिक तास आठवड्यात खेळ नको. बारा वर्षांच्या मुलाला शाळेचा आणि तालमीचा खेळ धरून बारा तास, त्यापुढे नाही.

सुरुवातीला अंग मोकळे करण्याचा कंटाळा करू देऊ नये. फिफा या जागतिक संस्थेने सात ते तेरा वर्षांच्या मुलांसाठी सात व्यायाम ठरवून दिले आहेत. एका पायावर तोल सांभाळणे, उड्या, नीट पडायला शिकणे, असे ते आहेत. युरोपातील चार देशांत सुमारे ३,९०० मुलांवर त्यांची पाहणी झाली. २०१८ साली तिचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. हे व्यायाम करणाऱ्या मुलांच्या दुखापती जवळजवळ निम्म्याने कमी झाल्या होत्या. याला खर्च काहीच नाही.

ऑक्टोबरचे ऊन तुम्हाला ठाऊक आहे. सराव सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर असावा. दर पंधरा-वीस मिनिटांनी सर्वांनी पाणी प्यावे, तहान लागो वा न लागो. मूल उन्हाने बरळू लागले, भोवळ येऊन पडले, तर सावलीत न्यावे, अंगावर थंड पाणी ओतत राहावे आणि ताबडतोब दवाखाना गाठावा. शुद्ध हरपली असल्यास तोंडात पाणी घालू नये.

पाय मुरगळला की आपण तेलाची वाटी घेतो. पहिले दोन-तीन दिवस चोळू नका, शेकू नका. फडक्यात बर्फ गुंडाळून पंधरा मिनिटे ठेवा आणि पाय उशीवर घ्या. पाय टेकवतच नसेल तर डॉक्टरांना दाखवा. डोक्याला मार लागून मूल गांगरले तर त्या दिवशी खेळ बंद, आणि डॉक्टरांनी सांगेपर्यंत बंदच. उलटी झाली किंवा फार झोप येऊ लागली तर क्षणाचाही विलंब नको. मैदानावरचे हलते गोलपोस्ट खाली पक्के बांधलेले आहेत ना, तेही पाहावे. ते अंगावर कोसळून मुलांचे जीव गेले आहेत.

आता मुख्य गोष्ट. आमच्या गल्लीतील तेरा वर्षांचा एक मुलगा गुडघ्याच्या वाटीखाली दुखत असताना दोन महिने गप्प राहिला. फडके बांधून खेळला. का? तर संघातून नाव जाईल म्हणून. वाढत्या वयात तेथले हाड अजून कोवळे असते आणि मांडीचा स्नायू त्याला ओढत असतो. वेळीच खेळ कमी केला असता तर थोडक्यात भागले असते. त्याला मात्र सगळा हंगाम कठड्याबाहेर बसून काढावा लागला. त्याच्या आईच्या डोळ्यांतले पाणी मी पाहिले आहे.

मूल वस्तादांना सांगणार नाही, वडिलांना सांगणार नाही. पण जेवताना मांडी घालताना त्याचा चेहरा वाकडा झालेला आपल्यालाच दिसतो. तेव्हा विचारावे, आणि “दुखतंय” म्हणाले तर त्याला भित्रा म्हणू नये. “हे पुरुषांचे काम, तुम्हाला काय कळते?” असे कोणी म्हणेल. म्हणू दे. लंगडत आलेले मूल आपल्याच दारात येते.

माझी मंडळाला एक विनंती आहे. यंदा दसऱ्यापासून आपल्या पेठेतील मैदानावर पाण्याचे दोन माठ, बर्फाची एक पेटी आणि एक वही ठेवावी. कोणाला काय दुखले, ते वहीत रोज लिहावे. आपण आळीपाळीने दोघी-दोघी जाऊ. माझा सोमवार आत्ताच लिहून घ्या.