मोकळ्या जागेचा मालक कोण?

(शिरूर व दौंड तालुक्यांतील कार्यकर्त्यांसमोर शिरूर येथे केलेल्या भाषणाचा मुख्य भाग)



महागाई, बेकारी आणि शेतमालाचे भाव हे प्रश्न समोर असताना वसाहतीतील बागेवर बोलणे काहींना चैनीचे वाटेल. परंतु सार्वजनिक बागेची गरज कोणाला असते, याचा विचार करा. ज्याच्या बंगल्याभोवती स्वतःची बाग आहे, त्याला ती नसली तरी चालते. रांजणगावच्या किंवा कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटी काम करणारा, एका खोलीत चौघांसह राहणारा कामगार, त्याची मुले आणि त्याची म्हातारी आई यांना घराबाहेरची सावली हीच दुसरी खोली असते. म्हणून मोकळ्या जागेचा प्रश्न हा सौंदर्याचा नंतर आणि वाटपाचा आधी आहे.

कायदा या बाबतीत मुका नाही. १९९२च्या ७४व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या परिशिष्टात उद्याने आणि क्रीडांगणे हा नागरी संस्थांचा विषय म्हणून नमूद आहे. २०२०च्या एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीनुसार ४००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जमिनीचा रेखांकन आराखडा मंजूर करताना १० टक्के जागा मोकळी ठेवावी लागते. रहिवाशांची संस्था झाली की ही जागा नाममात्र १ रुपया किमतीने तिच्याकडे द्यावयाची, अशीही तरतूद आहे. म्हणजे ही जागा बिल्डरची मेहेरबानी नव्हे. प्लॉटच्या किमतीत तिची किंमत आपण आधीच मोजलेली असते.

मग ती जाते कुठे? पहिली वाट गुंठेवारीची. पुण्याचा विस्तार आपल्या दोन्ही तालुक्यांच्या दारी आल्यापासून आराखड्याच्या मंजुरीवाचून गुंठ्या-गुंठ्याने जमीन विकण्याचा मोह वाढला आहे. अशा व्यवहारात विकणाऱ्याचा सर्वांत मोठा नफा न सोडलेल्या मोकळ्या जागेचा असतो. २००१च्या गुंठेवारी कायद्याने जुनी बांधकामे नियमित करण्याची सोय केली आणि २०२१च्या दुरुस्तीने तिची मुदत ३१ डिसेंबर २०२०पर्यंतच्या बांधकामांपर्यंत वाढविली. गरिबाचे घर वाचले हे योग्यच झाले. पण दंड भरून घर नियमित होते, न सोडलेले मैदान मात्र दंड भरून परत मिळत नाही.

दुसरी वाट अधिक सभ्य आहे. कागदावर मोकळी असलेली जागा काही वर्षे उकिरडा म्हणून पडून राहते. मग तेथे कोणी मोटारी लावतो, कोणी टपरी टाकतो, कोणी सभामंडपाची पायाभरणी करतो. उकिरड्यावर अतिक्रमण झाल्याचे कोणाला दुःख होत नाही. म्हणून देखभाल हेच त्या जागेचे पहिले संरक्षण होय. बंगळूरमध्ये उद्यानासाठी राखलेली जागा खासगी शुश्रूषागृहाला दिली गेली, तेव्हा तेथील रहिवासी न्यायालयात गेले आणि १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. ते जिंकले, कारण ती जागा आपली आहे असे मानणारी माणसे तेथे होती.

'सगळ्यांचे ते कोणाचेच नाही' असे आपण सहज म्हणून जातो. १९६८ साली गॅरेट हार्डिन या अमेरिकी अभ्यासकाने याच समजुतीला शास्त्राचे रूप दिले. सामाईक कुरण उजाड होणारच, तेव्हा ते खासगी करा किंवा सरकारच्या ताब्यात द्या, असा त्याच्या निबंधाचा अर्थ लावला गेला. आपल्याकडे या दोन्ही उपायांचा अनुभव जुना आहे. जंगलखात्याने गायराने गिळली आणि गुरे पाळणारा गरीब देशोधडीला लागला, ही तक्रार महात्मा फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिताना केली होती. एलिनॉर ऑस्ट्रॉम या विदुषीने १९९०च्या आपल्या ग्रंथात तिसरा मार्ग दाखविला आणि २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळविणारी ती पहिली स्त्री ठरली. वापरणाऱ्यांनी स्वतः नियम केले, स्वतः राखण केली आणि मोडणाऱ्याला सौम्य दंडापासून सुरुवात करून शासन केले, तर सामाईक संपत्ती पिढ्यान्‌पिढ्या टिकते, हे तिने उदाहरणांनी सिद्ध केले. धुळे जिल्ह्यातील पांझरेच्या फड पद्धतीत शेतकऱ्यांनी पाटकरी नेमून पाण्याची वाटणी केली, ती याच तत्त्वावर.

आता व्यवहाराकडे वळू. आपली सार्वजनिक कामे भांडवली खर्चावर सुरू होतात आणि महसुली खर्चावाचून मरतात. २०१७ ते २०१९ या तीन वर्षांत राज्यात ५० कोटी वृक्षलागवडीचा कार्यक्रम झाला. त्यातील झाडे जगली किती, हा प्रश्न पुढे विधिमंडळापर्यंत गेला. आपल्या वस्तीतही खड्डा जुनाच, रोप तेवढे दरवर्षी नवे, अशी अवस्था असते. छायाचित्र लावण्याच्या दिवशी निघते. झाड मात्र पुढच्या तीन उन्हाळ्यांत जगायचे असते.

त्या तीन उन्हाळ्यांचा हिशोब करा. समजा, वसाहतीत १०० घरे आहेत आणि एका माळी कामगाराचे वेतन, खत, अवजारे मिळून महिन्याला २० हजार रुपये लागतात. घरटी सरासरी २०० रुपये झाले. ही वर्गणी सर्वांना सारखी नसावी, प्लॉटच्या आकारमानाप्रमाणे असावी. आणि माळ्याला किमान वेतन, रजा व भविष्यनिर्वाह निधी न देता जी बाग हिरवी राहते, तिच्या हिरवेपणाचा अभिमान आपण तरी बाळगू नये.

बागेचे रूपही प्रदेशाला शोभणारे हवे. घोड आणि भीमा जवळून वाहतात म्हणून आपण पाणीदार ठरत नाही. हा पर्जन्यछायेचा मुलूख आहे आणि येथे वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. १००० चौरस मीटर हिरवळीला भर उन्हाळ्यात रोज ५ मिलिमीटर पाणी म्हणजे ५००० लिटर लागते. माणशी ५५ लिटर हे ग्रामीण पाणीपुरवठ्याचे प्रमाण धरले, तर ते ९० माणसांचे रोजचे पाणी झाले. टँकरच्या रांगेशेजारी लॉन ही शोभा नव्हे. कडुनिंब, करंज, चिंच, वड, उंबर ही आपली झाडे एकदा रुजली की फार मागत नाहीत. याच तालुक्यातील मोराची चिंचोली गाव चिंचांसाठी आणि मोरांसाठी ओळखले जाते, हे तुम्हाला ठाऊक आहेच. मुरमाड जमिनीत उन्हाळ्यातच मोठे खड्डे घ्यावेत, त्यांत काळी माती व शेणखत भरावे, पहिल्या पावसानंतर रोप लावावे. पालापाचोळा जाळू नये. तोच आळ्यात पसरला की ओल टिकते.

शेवटचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. बागेची समिती केवळ घरमालकांची असू नये. भाडेकरूला संस्थेत मत नसते, पण बाग सर्वाधिक वापरतो तोच. त्याला, स्त्रियांना आणि माळ्यालाही समितीत जागा द्या. फाटकाला कुलूप लावून दुपारी सावली बंद करणारी समिती आणि जागा बळकावणारा टपरीवाला यांत मला फारसा फरक दिसत नाही.

साथीहो, येत्या महिन्यात प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या वस्तीचा मंजूर आराखडा मागवावा. नगरपरिषद, ग्रामपंचायत किंवा प्राधिकरण तो सहज देत नसेल, तर २००५चा माहिती अधिकार कायदा हाताशी आहे. नकाशावरील मोकळी जागा टेपने मोजा, तिच्यावर काय उभे आहे ते लिहून काढा आणि ते वस्तीच्या सभेत वाचून दाखवा. रोप त्यानंतर लावू. आधी जमीन आपली आहे, हे ठरू द्या.