गोळी आणि ताट
(मंडळाच्या गणेशोत्सवात आरतीनंतर झालेल्या भाषणाचा मजकूर)



समोर प्रसाद असताना माणसांना भाषण ऐकायला लावणे बरे नव्हे, म्हणून थोडक्यात बोलतो. विषय मात्र प्रसादाच्या जवळचाच आहे. आपल्या ताटात काय असावे हे आपल्याला सांगणार कोण, आणि सांगणाऱ्याला ते कोणी शिकवायचे?

मी डॉक्टर नाही. रेल्वेत रुळांची देखभाल पाहणारा डिप्लोमा इंजिनिअर आहे. तरी या विषयावर उभा आहे, कारण मी स्वतः ठेच खाल्ली आहे.

चार-पाच वर्षांपूर्वी माझी साखर वाढलेली निघाली. डॉक्टरांनी मेटफॉर्मिनची गोळी लिहून दिली आणि म्हणाले, "परहेज रखिए, चावल-मीठा बंद." दोन मिनिटांत मी बाहेर. मी आज्ञाधारक माणूस. भात सोडला आणि त्याच्या जागी सहा पोळ्या आणि बटाट्याची भाजी खाऊ लागलो! साखर हलेना. पुढे पायांना मुंग्या येऊ लागल्या. रात्री ब्लॉक घेऊन रुळावर काम चालायचे, तेव्हा पाय खडीवर नीट पडतो आहे की नाही ते कळेना. हा साखरेचाच परिणाम असे मी धरून चाललो, आणि गोळी वाढली.

गेल्या गणपतीत आपल्याच मंडळातल्या एका कुटुंबाची मुलगी आरतीला आली होती. नुकतीच डॉक्टर झालेली. तिने विचारले, "काका, तुम्ही शाकाहारी ना? बी-१२ तपासले का?" आमचे घर माळकरी. शाकाहारात सगळे मिळते असा आमचा पक्का समज. तपासले तर बी-१२ खूपच कमी! वनस्पतींतून हे जीवनसत्त्व मिळत नाही. दूध-दह्यातून मिळते, पण आमच्या घरी दूध चहापुरतेच. त्यात मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्यावर काही जणांत ते आणखी घटते. म्हणजे ताट आणि गोळी दोन्ही एकाच दिशेने ओढत होती, आणि दोन्हींकडे एकत्र पाहणारे कोणी नव्हते. इंजेक्शने घेतल्यावर काही महिन्यांत मुंग्या पुष्कळ कमी झाल्या.

मी तिला विचारले, "हे तुम्हाला कॉलेजात शिकवतात का?" ती म्हणाली, "काका, जीवनसत्त्वांचा तक्ता पाठ होता. पण समोरच्या माणसाला 'काल दिवसभरात काय खाल्लेत' हे कसे विचारायचे, ते आजीकडून शिकले."

मंडळी, याच दिल्लीत एका मराठी बाईंनी डॉक्टर होणाऱ्या मुलींना शिकवले होते. नवी दिल्ली स्थानकापासून फार दूर नसलेले लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेज आपण सगळ्यांनी पाहिले आहे. मुलींसाठीचे हे कॉलेज १९१६ साली सुरू झाले. तिथल्या नव्या जीवरसायन विभागाच्या प्रमुख म्हणून १९३९ साली केंब्रिजची पीएच.डी. घेऊन आल्या त्या कमला भागवत, पुढच्या डॉ. कमला सोहोनी. दुर्गाबाई भागवतांच्या धाकट्या बहीण. १९३३ साली बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत सर सी. व्ही. रामन यांनी, मुलगी म्हणून, आधी त्यांना प्रवेश नाकारला होता. बाई हटल्या नाहीत. प्रवेश मिळवला आणि दूध व डाळी-कडधान्यांतील प्रथिनांवर काम केले. केंब्रिजमध्ये बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम सी असते हे त्यांनी दाखवले.

दिल्लीनंतर त्या कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत गेल्या आणि लग्नानंतर मुंबईच्या विज्ञान संस्थेत. तिथे त्यांनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी आपल्या डाळींतील एका गोष्टीचा अभ्यास केला. कच्च्या डाळीत प्रथिनांचे पचन अडवणारे घटक असतात. डाळ नीट शिजली की त्यांचा जोर बराचसा ओसरतो. गव्हा-तांदळात लायसिन कमी, डाळीत मेथिओनिन कमी. एकत्र खाल्ले की एकाची उणीव दुसरा भरून काढतो. आपल्या वरण-भातामागचा हिशेब हाच आहे. गरिबांच्या पोषणासाठी नीरेवर त्यांनी केलेल्या कामाला राष्ट्रपतींचे पारितोषिक मिळाले. १९९८ साली त्या गेल्या.

ती कुन्नूरची प्रयोगशाळा १९५८ साली हैदराबादला हलली आणि पुढे राष्ट्रीय पोषण संस्था झाली. याच संस्थेने २०२४ साली आहाराची १७ मार्गदर्शक सूत्रे प्रसिद्ध केली. देशातल्या एकूण रोगभारापैकी ५६.४ टक्के भार चुकीच्या आहाराशी निगडित आहे, असा अंदाज त्यात दिला आहे. दिवसाचे २००० कॅलरींचे ताटही सांगितले आहे. त्यात धान्य २५० ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम, आणि डाळी-कडधान्ये (अंडी-मांस खाणाऱ्यांचे तेही यातच) ८५ ग्रॅम. हे वजन कच्च्या धान्याचे, कच्च्या डाळीचे. मी घरी वजनकाटा घेऊन बसलो. माझ्या वाट्याला दिवसाला जेमतेम ३० ग्रॅम डाळ येत होती, बाकी वरणाचे पाणी! आता चार पोळ्या कमी झाल्या. उसळ, पालेभाजी आणि वाटीभर दही वाढले. साखर खाली आली आहे. गोळी मात्र चालू आहे. ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणीही बंद करू नये.

मी डॉक्टरांना दोष देत नाही. बाहेर शंभर पेशंट बसलेले असताना त्यांनी किती बोलायचे? पण आमच्याकडे की-मन रोज आपल्या हद्दीतला रूळ चालत तपासतो, कारण रूळ तुटल्यावर केलेली धावपळ महाग पडते. आणि आम्हाला ठरावीक वर्षांनी पुन्हा शाळेत बसून उजळणी करावी लागते, नोकरी कितीही झालेली असो. आहाराची अशी उजळणी डॉक्टरांनाही मिळायला हवी, आणि तीही पुस्तकातल्या तक्त्याची नव्हे, आपल्या ताटाची.

तोवर आपण दोन गोष्टी करू. डॉक्टरांकडे जाताना तीन दिवसांत काय-किती खाल्ले ते खरे-खरे लिहून न्यावे. चहाबरोबरची फरसाणही लपवू नये. आणि मंडळाला विनंती, की पुढच्या वर्षीच्या आरोग्य शिबिरात साखर तपासायच्या यंत्राशेजारी एक टेबल मांडावे, त्यावर ८५ ग्रॅम डाळ वाटीत काढून ठेवावी आणि आपल्या डॉक्टर मुला-मुलींना तिथे बसवावे. ते आपल्याला शिकवतील, आपणही त्यांना ऋषीची भाजी शिकवू.

विसर्जनाच्या दिवशी आपण वाटली डाळ करतो. डाळ भिजवलेली, वाटलेली आणि नीट शिजवलेली. यंदा ती हातात घेताना कमलाबाईंची आठवण ठेवावी, एवढेच मागणे.

गणपती बाप्पा मोरया!